धारातीर्थ नव्हे

मोटारसायकलींच्या शर्यतीत एखादा स्वार पडला, की "ज्या गोष्टीवर जीव होता, ती करीत असताच तो गेला" हे वाक्य दुसऱ्या दिवशी हमखास वाचावयास मिळते. ते आम्हांस फार दिवस सलत आहे. आता तर आमच्यातील काही वेगभक्त अशा मृत्यूस 'वीरमरण' म्हणू लागले आहेत. तेव्हा या शब्दाचा एकदा झाडा घेणे प्राप्त आहे.

उत्तर आयर्लंडातील बॅलीमनी गावच्या डनलॉप घराण्याकडेच पाहू. जोई डनलॉपने आईल ऑफ मॅन बेटावरील टी. टी. शर्यतींत १९७७ ते २००० या काळात २६ विजय मिळविले. २ जुलै २००० रोजी एस्टोनियात टॅलिन येथे भर पावसात आघाडीवर असता गाडी घसरून तो झाडांवर आदळला आणि ठार झाला. त्याचा मेहुणा मर्विन रॉबिन्सन १९८० मध्येच शर्यतीत गेला होता. धाकटा भाऊ रॉबर्ट १५ मे २००८ रोजी 'नॉर्थ वेस्ट २००' या शर्यतीच्या सरावात गेला. दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच रस्त्यांवर उतरला आणि जिंकला. त्याचा थोरला भाऊ विल्यम हाही उतरणार होता, पण गाडी ऐनवेळी बिघडली. हा विल्यम ७ जुलै २०१८ रोजी डब्लिनजवळील स्केरीज येथे सरावातच गेला. मायकेलने २०२४ च्या जूनमध्ये टी. टी. मधला २७ वा विजय मिळवून काकाचा विक्रम मोडला.

पित्याचा मृत्यू ताजा असता शर्यतीस उभ्या राहणाऱ्या त्या पोराकडे पाहून कोणास तानाजी मालुसऱ्याची आठवण होईल. धैर्य दोघांचेही खरे, ते नाकारण्याइतके आम्ही कोते नाही. परंतु कोंढाण्यावाचून एका राज्याचे अडले होते. नॉर्थ वेस्टच्या रस्त्यावर कोणाचे काय अडले होते? धारातीर्थ हा शब्द आमच्या पूर्वजांनी ज्यांच्यासाठी राखून ठेवला, ते कोणासाठी तरी मेले. येथे जो मरतो तो घड्याळातील काही क्षणांसाठी मरतो, आणि त्याचे मोल घरची माणसे उरलेला जन्मभर फेडीत बसतात.

जोई तर मनाने किती मोठा! रुमानिया, बोस्निया, आल्बेनिया येथील अनाथ मुलांसाठी अन्नवस्त्रे गाडीत भरून तो स्वतः नेऊन पोचवी, आणि त्या सेवेबद्दल १९९६ साली त्यास राजमान्यताही मिळाली. हे वाचून आम्ही सद्गदित झालो, हे कबूल करतो. पण परक्या अनाथांचे अश्रू पुसणाऱ्या या पुरुषाने स्वतःची पाच लेकरे पितृहीन करून ठेवली, हे तरी कसे विसरावे?

कोणी म्हणेल, स्वारांनी जाणूनबुजून पत्करलेला हा धोका आहे. तुम्ही मध्ये पडणारे कोण? स्वाराच्या स्वातंत्र्याशी आमचे भांडण मुळीच नाही. आमचे भांडण आहे यजमानाशी. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतीस मनाई होती, म्हणून १९०४ साली या बेटाने मुद्दाम कायदा करून आपले रस्ते त्यासाठी मोकळे केले. १९११ पासून वापरात असलेल्या डोंगरवाटेच्या मार्गावर (आजची लांबी ३७.७३ मैल) आजवर २६० हून अधिक स्पर्धक प्राणास मुकले. एकट्या २०२२ सालच्या टी. टी. ने सहा बळी घेतले. त्यांत एकाच साइडकारवर बसलेले बाप-लेकही होते. ही शर्यत कोणा हौशी मंडळाची नव्हे, बेटाचे सरकारच तिचे मालक आहे. खाणावळवाले, बोटवाले, यंत्रांचे कारखानदार यांच्या गल्ल्यात भर पडते ती त्या पंधरवड्यात. स्वाराने संमती दिली, म्हणून या साऱ्यांचे हात धुऊन निघतात काय? आणि ज्या मुलाने बाप, काका यांना याच रस्त्यांवर पाहिले, त्याची संमती किती स्वतंत्र, हाही प्रश्नच आहे.

शर्यतीचे प्रेम म्हणजे या रस्त्याचे प्रेम नव्हे, हे १९७२ साली जाकोमो आगोस्तिनीने दाखवून दिले. मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती टी. टी. मध्ये मरण पावताच या जगज्जेत्याने तेथे पुन्हा न धावण्याचा निश्चय केला. इतरही अग्रगण्य स्वार मागे सरले, आणि १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या यादीतून ही शर्यत गळली. आगोस्तिनीस कोणी भित्रा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो त्यानंतरही जिंकतच राहिला. बंदिस्त मार्गावर कडेला घरे नसतात, दगडी कुंपणे नसतात, दिव्याचे खांबही नसतात. बेटावर मात्र शर्यत संपताच रस्ते पुन्हा रहदारीस खुले होतात, आणि दुपारी जेथे स्वार आदळला त्याच कुंपणापाशी सायंकाळी गाड्या संथपणे वळत असतात.