वस्सकार अजून मेलेला नाही!

गुप्तहेर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला जेम्स बाँड येतो, नाहीतर १९१७ साली फ्रेंचांनी गोळ्या घातलेली नर्तकी माता हारी. शत्रूच्या गोटात शिरायचे, कागद पळवायचे आणि मोबदला घ्यायचा, एवढेच हेराचे काम असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बातमी काढणारा हेर हा लहान हेर. मोठा हेर माणसांची मने फोडतो. त्याची हकीकत आपल्याच धम्मसाहित्यात आहे.

मगधाचा राजा अजातशत्रू याला वैशालीच्या वज्जींचे गणराज्य गिळायचे होते. त्याने आपला ब्राह्मण महामात्य वस्सकार याला गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे धाडले. तथागतांनी वस्सकाराशी न बोलता आनंदालाच प्रश्न केले. वज्जी वारंवार सभा भरवितात ना? एकजुटीने बसतात आणि एकजुटीने उठतात ना? हे चालू आहे तोवर वज्जींची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले. महापरिनिब्बान सुत्त वाचणाऱ्यांना हा प्रसंग ठाऊक आहे. वस्सकाराने त्यातून भलताच धडा घेतला. लढाई करून हे लोक हरणार नाहीत, तर त्यांची एकजूटच फोडली पाहिजे!

पुढची कथा आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत येते. राजाने वस्सकाराला भर दरबारात अपमानित करून हाकलून दिल्याचे नाटक झाले. वैशालीने त्याला आश्रय दिला, न्यायाचे काम दिले, राजपुत्रांना शिकवायला ठेवले. मग तो काय करी? एका लिच्छवीला बाजूला घेऊन कानात विचारी, शेत नांगरता ना? बैल दोनच जुंपता ना? एवढेच. दुसरा लिच्छवी विचारी, आचार्य काय म्हणाले? पहिला खरे ते सांगे. पण इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी बाजूला नेते काय? दुसऱ्याचा विश्वास बसत नसे. कोणाला सांगावे, अमका तुला भित्रा म्हणतो. कोणाला सांगावे, तमका तुला दरिद्री म्हणतो. तीन वर्षांत अशी अवस्था झाली की दोन लिच्छवी एका वाटेने जाईनात. अजातशत्रू चालून आला तेव्हा सभेची भेरी वाजली आणि कोणीही आले नाही. श्रीमंतांनी जावे, शूरांनी जावे, आम्ही कशाला, असे म्हणून सारे घरी बसले. वैशालीचे दरवाजे उघडेच होते.

ही केवळ दंतकथा आहे असे कोणी म्हणेल. त्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती हा ग्रंथ लागला आणि १९०९ साली छापून निघाला, तेव्हापासून आमचे विद्वान त्यातील राज्यकारभाराचे गोडवे गात आहेत. विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस यांच्या वेषातले हेर त्यात आहेत. विष घालणारे आहेत, भिक्षुणीच्या वेषात घरोघर फिरणाऱ्या आहेत. तीर्थक्षेत्री आणि सभांमध्ये आपसात खोटा वाद घालून प्रजेच्या मनातले काढून घेणारेही आहेत. म्हणजे हेर केवळ शत्रूवर नव्हेत, स्वतःच्या प्रजेवरही! पण गोडवे गाणारे अकराव्या अधिकरणाजवळ आले की घाईने पान उलटतात. ते संपूर्ण अधिकरण संघ कसे फोडावेत यावर आहे. आचार्याच्या वेषात शिरून मुलांमध्ये भांडणे लावावीत, अमका तुझी निंदा करतो असे सांगावे, ही युक्ती तिथे नियम म्हणून दिली आहे. आणि तिथल्या संघांच्या यादीत लिच्छवी आणि वज्जी यांची नावे स्पष्ट आहेत. वस्सकाराची करामत ही राजनीतीची पाठ्यपुस्तकी पद्धत होती, याहून मोठा पुरावा कोणता?

ही पद्धत एका देशापुरती राहिली नाही. अमेरिकेच्या एफबीआयने १९५६ साली कोइंटेलप्रो नावाची गुप्त मोहीम कम्युनिस्टांविरुद्ध सुरू केली आणि १९६७ पासून ती काळ्यांच्या संघटनांवर रोखली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ च्या नोव्हेंबरात, नोबेल पारितोषिक स्वीकारण्याच्या आधी, निनावी पत्र गेले. त्यांनी जीव द्यावा असे सुचविणारे ते पत्र सरकारी कचेरीत तयार झाले होते! ब्लॅक पँथरचा शिकागोचा २१ वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. घराचा आराखडा एफबीआयला पुरविणारा विल्यम ओनील हा पँथरच्याच सुरक्षेचा प्रमुख होता. एफबीआयने त्याला वर ३०० डॉलरचे बक्षीस दिले.

पण आम्हाला याहून भयंकर वाटते ती दुसरी युक्ती. १९७१ साली काही नागरिकांनी एफबीआयच्या पेनसिल्व्हेनियातील एका कचेरीतून कागद पळविले, पुढे सिनेटच्या चर्च समितीने चौकशी केली, तेव्हा ती उजेडात आली. संघटनेतील प्रामाणिक कार्यकर्त्यावरच हा पोलिसांचा खबऱ्या आहे अशी कुजबुज पसरवायची. हेर पेरण्याचा खर्च वाचतो. उरलेले काम कार्यकर्तेच एकमेकांचे करतात.

याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि १९७४ साली फुटली. नामदेव ढसाळ कम्युनिस्टांच्या वळचणीला गेले, हा आरोप त्या फुटीत गाजला. त्याआधी बाबासाहेबांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन होऊन थोड्याच काळात दुभंगला. या फुटींचे खापर आम्ही कोणा हेरावर फोडत नाही. वस्सकाराला तीन वर्षे लागली ते काम आमच्या पुढाऱ्यांनी फुकट करून दिले, एवढेच म्हणतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सिंधच्या दाहीर राजाच्या लाच खाणाऱ्या सेनापतींची आठवण दिली होती. स्वकीयांच्या फितुरीने देश गमावला, तो पुन्हा गमावणार काय, हा त्यांचा सवाल होता. चळवळीलाही तोच सवाल लागू आहे.

आज वेषांतराची गरज उरलेली नाही. २०१९ साली व्हॉट्सअॅपने भारतातील काही पत्रकार, वकील, कार्यकर्त्यांना कळविले की, इस्रायली कंपनीच्या पेगासस यंत्रणेने त्यांचे फोन लक्ष्य केले होते. त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे यांचेही नाव होते. २०२१ साली पेगाससचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फोन खिशातला हेर झाला आहे. पण तोच फोन कार्यकर्त्याच्या हातात असतो आणि त्यावरून रोज रात्री कोणी ना कोणी कोणाला तरी एजंट, दलाल, विकला गेलेला ठरवीत असतो. पुरावा? कोणीतरी पाठवले, मी पुढे पाठवले! वस्सकार तरी निदान स्वतः कानाशी येऊन बोलत होता.

म्हणून संघटनांना आमचे सांगणे आहे. कोणावर फितुरीचा संशय असेल तर आरोप करणाऱ्याने नाव आणि पुरावा घेऊन कार्यकारिणीपुढे यावे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तिथेच बोलू द्यावे. जमाखर्च दरवर्षी उघड मांडावा. आणि शाखेची बैठक लावावी. अनेक तालुक्यांत ती कित्येक महिने झालेली नाही.