वरातीमागून घोडे

मंडळी, आज थोडा रागावूनच लिहितो आहे. आमच्या गोतावळ्यात सध्या गाळे आणि ऑफिसच्या जागा शोधण्याची लाट आली आहे. भाचीला दातांचा दवाखाना काढायचाय, पुतण्याला क्लास. रात्री जेवणं झाली की सगळे मोबाईलवर जागांचे फोटो बघत बसतात आणि त्याला 'सर्च' म्हणतात. मी त्याला दुकानाच्या काचेला नाक लावणे म्हणतो.

त्या जाहिरातींत काय असतं? मालकाला नि दलालाला दाखवायचं असतं तेवढंच. एकच गाळा तीन दलालांकडून तीन भावांत. 'स्टेशनपासून पाच मिनिटे'. कुणाच्या पायांनी, ते विचारू नये! आणि क्षेत्रफळ? समजा ५०० चौरस फूट सुपर बिल्टअप, भाडं फुटाला १०० रुपये. कार्पेट निघालं ३००, तर ५०,००० ला ३०० ने भागा. दर झाला १६७. इतकं त्रैराशिक तर आम्ही सातवीत शिकवत होतो. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या आहे आणि त्या कायद्यात दुकान, ऑफिस, गोदामही येतं. मग 'कार्पेट किती?' हे विचारायला लाज कसली?

या साइट बघूच नका असं माझं म्हणणं नाही. कुठल्या रस्त्यावर काय रिकामं आहे हे कळायला त्या उत्तम. पण तिथे फक्त यादी करायची. यादीवर काट मारायची साधनं वेगळी आहेत. ती सरकारी आहेत, बरीचशी मोफत आहेत, मराठीत आहेत, आणि तरीही शिकलेली माणसं ती उघडत नाहीत. संताप याचा येतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च घ्या. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला 'इंडेक्स टू', दिसतो. कुणी कुणाला दिलं, क्षेत्र किती, मोबदला किती, नोंदणी कधी. त्याच इमारतीतल्या इतर गाळ्यांचे दस्त काढून बघा. मालक सांगतो तो झाला मागितलेला भाव. हा कागदावर उतरलेला भाव. कागदावरचा आकडाही नेहमी पूर्ण खरा नसतो, हे मला कळतं. तरी दलालाच्या तोंडच्या आकड्यापेक्षा तो बरा. म्हणून दलालाला पहिला प्रश्न 'भाडं किती?' हा नको, 'सिटी सर्व्हे नंबर काय?' हा हवा. जो टाळाटाळ करतो त्याच्या गाळ्यावर तिथेच काट मारा.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून बघा. जाहिरातीत क्यूआर कोड देणं तर १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे. इमारत जुनी असेल तर तिथे बहुधा काही सापडणार नाही. मग महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा, विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ दुकानाच्या दारातून जात नाही ना ते बघा. स्टॅम्प ड्यूटीचा अंदाज हवा तर रेडी रेकनर आहेच. त्यात दुकानाचा दर वेगळा, ऑफिसचा वेगळा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "सर, ते सगळं वकील बघतो ना!" बघतो. पण कधी? टोकन दिल्यानंतर! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने औषधांच्या दुकानासाठी गाळा घ्यायचं ठरवलं. फोटो झकास, समोर रिक्षा स्टँड. दीड लाख टोकन दिलं, मग वकिलाकडे गेला. मंजूर नकाशात ती जागा निघाली स्टिल्ट पार्किंगची. असलं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलेलं आहे. व्यवहार मोडला, पण टोकन अजून परत आलेलं नाही. त्यात त्याच्या आईच्या पाटल्या होत्या. वकिलाने त्याचं काम चोख केलं, फक्त त्याच्याकडे वरातीमागून घोडं पाठवलं गेलं.

वकील हवाच, त्याची फी वाचवा असं मी म्हणत नाही. पण दहापैकी आठ जागांवर काट आपली आपणच घरबसल्या मारू शकतो, आणि ती टोकनच्या आधी मारायची असते. उरलेल्या दोन जागांसमोर सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला स्वतः उभं राहा, खिशात मेजर टेप ठेवा. ते काम कुठल्याच साइटला जमत नाही.

चपला घेताना चार दुकानं पालथी घालणारी आपली माणसं आयुष्याची पुंजी मात्र फोटो बघून लावतात, याला काय म्हणावं? भाचीला मी बजावलंय, सर्व्हे नंबर आणलास तरच पुढचं बोलू. बाकीच्यांनीही हा निरोप आपल्यालाच आहे असं समजावं.