शर्यतीची नियमावली : छापील की मोबाइलवरची?

जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्याच्या घाटाभोवती आपल्या समाजाच्या किती घरांची चूल पेटते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. नालबंद बैलांना पत्र्या मारतो, लोहार लोखंडी काम करून देतो, मणियार बांगड्यांची पाल टाकतो. मंडपवाला, कर्णेवाला, शेव-रेवडीवाला हे तर आलेच. गाडा पळतो मालकाचा आणि बक्षीसही त्यालाच मिळते. पण शर्यत रद्द झाली की भरलेला माल आणि दिलेली आगाऊ रक्कम बुडते ती आपली. म्हणून शर्यतीचे नियम नेमके काय आहेत आणि ते कोणाच्या हातात आहेत, हा प्रश्न एकट्या यात्रा कमिटीचा नाही. तो आपल्या रोजीचा आहे.

पूर्वी नियम तोंडी चालत. एका वेळी एक गाडा घाटातून सुटायचा, सेकंद मोजले जायचे, वाद झाला तर चार जाणती माणसे निकाल द्यायची. आता तसे राहिलेले नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण उच्च न्यायालयात अडथळा आला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. सात वर्षे घाट बंद होते. त्या सात वर्षांत किती कारागिरांनी धंदा बदलला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आजच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अनामत भरावी लागते, धाव हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. बैलाला इजा झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न असा की हे नियम कमिटीने छापून द्यावेत, की मोबाइलवर पाठवून मोकळे व्हावे?

प्रथम कबुली देतो. माझा धंदा छपाईचा आहे. तेव्हा मी कागदाची वकिली करणारच, असे कोणी म्हणेल. म्हणून माझ्या दुकानातलीच चूक सांगतो. एका कमिटीने व्हॉट्सॲपवर आलेली नियमावली आणून दिली आणि मी दोनशे प्रती छापल्या. नंतर कळले की तो अंतिम नियम नव्हताच, हरकती मागवण्यासाठी काढलेला मसुदा होता. मोबाइलवरची चूक एका बोटाने पुसता येते. माझी चूक दोनशे हातांत गेली आणि परत आली नाही. ना कमिटीने तारीख पाहिली, ना मी विचारली.

कागदाचा दुसरा दोष असा की तो छापला त्या दिवशी थांबतो. १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यात लांडेवाडीच्या घाटात शर्यत व्हायची होती. करोनाचे रुग्ण वाढल्यामुळे दिलेली परवानगी ऐन वेळी मागे घेण्यात आली. अशी बातमी छापील पुस्तिका कशी देणार? ती मोबाइलवरच मिळणार.

मग मोबाइलच पुरेसा का नाही? एक तर यात्रेच्या गर्दीत नेटवर्क जाम होते आणि डोंगराकडच्या काही घाटांत ते मुळातच कमी. दुसरे, पुढे ढकललेल्या प्रतीला ना तारीख असते, ना सही. मधले पान गळले तरी कळत नाही. तिसरे कारण कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राइतकीच मान्यता आहे. पण ती मान्यता राजपत्राची, ग्रुपवरच्या फोटोची नव्हे. मोबाइलमधील मजकुराची प्रत कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात स्पष्ट केले आहे. पालवाला किंवा नालबंद हे प्रमाणपत्र घेऊन कुठे फिरणार?

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत हौशी मोटार शर्यती भरवणारी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ मधील संस्था. तिची जाडजूड नियमावली दरवर्षी निघते आणि दुरुस्त्यांची पत्रिका दर महिन्याला. म्हणजे वर्षारंभीची प्रत हातात धरून बसणारा काही महिन्यांतच मागे पडतो. तिथला धडा साधा आहे : नियमाइतकीच नियमाची तारीख महत्त्वाची.

माझे मत असे. शर्यतीच्या दिवशी जे बांधील ते कागदावर असावे. कागदानंतर काय बदलले ते मोबाइलवर पाहावे. कमिटीने राजपत्रातून नियम घ्यावेत आणि दोन पानांत छापावेत. वर राजपत्राची तारीख, खाली परवानगीचा क्रमांक, अध्यक्षांची सही आणि एक फोन नंबर असावा. एक प्रत घाटावर लावावी, आणि ज्याच्याशी कामाचा व्यवहार ठरला त्या प्रत्येकाला एक द्यावी. त्याच कागदावर लिहावे की परवानगी रद्द झाली तर जागेचे भाडे परत मिळेल की नाही, आणि कारागिराला मिळालेली आगाऊ रक्कम कोणाची. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्या नंबरावर विचारून मगच माल गाडीत भरावा.

हा कागद आपल्या लोहाराचे रक्षणही करतो. कोणी पराणीला टोकदार आर बसवून मागितली तर 'भाऊ, नियमात मनाई आहे, हे वाचा' असे तो गिऱ्हाइकाला न दुखावता सांगू शकतो. मुक्या जनावराला त्रास देऊ नये ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे.

बंधूंनो, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, हा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. आणि जुन्नर तर कागदाचेच गाव. इथल्या कागजी मुसलमानांनी बनवलेला जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला जात असे. दुसऱ्यांच्या राज्यकारभाराचा कागद ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी बनवला, त्यांनी स्वतःचा व्यवहार मात्र तोंडी करावा, हे शोभत नाही.

कमिटीवाले आपलेच गावकरी आहेत. भांडायचे नाही, फक्त मागायचे. पाल ठरवताना, मंडपाचा दर सांगताना एवढेच म्हणा : 'पाटील, नियमाचा सहीचा कागद द्या, मग इसार घेतो.' दोन-चार जणांनी मागितला की पुढच्या हंगामात, इन्शाअल्लाह, तो न मागताच मिळेल.