वाढलेला आकडा आणि न दुखणारे हृदय

मोठी शस्त्रक्रिया ठरली, की रुग्णाच्या हातात तपासण्यांची लांबलचक यादी पडते. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी यांच्या जोडीला त्यात कधी कधी ‘सीआरपी’ही असतो. अहवालात हा आकडा ठळक छापून आला, की घरात कुजबूज सुरू होते, ‘ऑपरेशन झेपेल ना? हार्टला काही होणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर या एका आकड्यात शोधणे चुकीचे आहे.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरात कुठेही संसर्ग, जखम किंवा दाह असला, की यकृत हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्यातही दाहाचा वाटा असतो. त्यामुळे दाह मोजला तर हृदयाचा धोका आधीच कळेल, ही कल्पना तर्काला धरून आहे. शस्त्रक्रियेआधी सीआरपी जास्त असलेल्यांना नंतर हृदयाचा त्रास अधिक होतो, असे अनेक अभ्यासांत दिसलेही आहे.

मात्र सीआरपी वाढला एवढेच कळते. का वाढला, ते कळत नाही. सुजलेल्या हिरड्या, संधिवात, लठ्ठपणा, धूम्रपान, नुकताच येऊन गेलेला ताप, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. शस्त्रक्रियेनंतर तर तो जवळपास सगळ्यांचाच वाढतो, कारण शस्त्रक्रिया हीच एक जखम असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वाधिक असतो, मग उतरू लागतो. उतरला नाही किंवा पुन्हा चढला, तर सर्जन संसर्गाचा शोध घेतात. या कामात ही तपासणी खरोखर उपयोगी पडते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. धोक्याची खूण म्हणजे धोक्याचे कारण नव्हे. दाह कमी केला की हृदय वाचेल, या अपेक्षेने कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्रावर हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या, जास्त जोखमीच्या ७,५०७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. काहींना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले गेले, तर काहींना औषध नसलेले इंजेक्शन. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. उलट स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा अधिक दिसली. २०२३ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेच्या ३,२०९ रुग्णांवरील चाचणीत कोल्चिसिन या दाहशामक औषधानेही हृदयाची इजा लक्षणीय कमी झाली नाही. जुलाबाचा त्रास मात्र वाढला. आकडा खाली आणणे आणि रुग्णाला वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग लक्ष कुठे द्यावे? हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ अभ्यासात हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रिया झालेल्या, ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या २१,८४२ रुग्णांचे ट्रोपोनिन मोजले गेले. सुमारे १८ टक्के रुग्णांच्या हृदयाला इजा झाली होती आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांना छातीत दुखण्यासारखे कोणतेच लक्षण नव्हते. वेदनाशामकांचा अंमल असताना छातीतली कळ जाणवणार तरी कशी? अशा रुग्णांमध्ये पुढच्या ३० दिवसांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणूनच ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचे वय ६५ किंवा अधिक आहे किंवा ज्यांना हृदयविकाराचे इतर धोके आहेत, त्यांच्या मध्यम व मोठ्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर २४ व ४८ तासांनी ट्रोपोनिन पाहावे, असे युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इजा वेळीच कळली, तर कमी झालेला रक्तदाब, रक्तस्राव, वाढलेले ठोके अशी कारणे शोधता येतात आणि ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन द्यायचे का, हे ठरवता येते.

त्याआधीची चौकशी तर आणखी स्वस्त आहे. १९९९ पासून वापरात असलेला जोखीम-निर्देशांक सहाच गोष्टी विचारतो: शस्त्रक्रिया किती मोठी, हृदयविकार आहे का, हृदय निकामी होण्याचा त्रास झाला होता का, पक्षाघात येऊन गेला का, मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागते का आणि क्रिएटिनिन दोनपेक्षा जास्त आहे का. त्याला एका साध्या प्रश्नाची जोड द्यावी: दोन जिने न थांबता चढता येतात का?

सरसकट सगळ्यांना सीआरपी लिहून देण्यापेक्षा ही दहा मिनिटांची विचारपूस आणि जोखमीच्या रुग्णांत ट्रोपोनिनवर नजर, हा पैशाचा व वेळेचा चांगला उपयोग आहे. वाढलेल्या सीआरपीचे कारण जरूर शोधावे. पण केवळ त्या आकड्याला घाबरून कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबवू नये आणि तो कमी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न ‘सीआरपी किती आला?’ हा नाही. ‘ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस यांच्या हृदयावर लक्ष कसे ठेवणार?’ हा आहे.