तळे ‘सर्वांसाठी खुले’ आहे, मग पाण्यापर्यंत जाणार कोण?



“ओपन सोर्समध्ये जात-बीत काही नसते, तिथे फक्त कोड बघतात.” हे वाक्य गेल्या वर्षभरात मी धायरीत किमान चार जणांकडून ऐकले. सांगणारे हिंजवडी-खराडीला नोकरी करणारे, मनाने चांगले, आणि आपले आडनाव सांगताना आयुष्यात कधी न अडखळलेले. आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे याच्या उलट टोकाचे: “कॉम्प्युटरवर बोटे आपटून चळवळ होत नसते, पोरांना मोर्चाला आणा.” मला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. पहिले खोटे आहे आणि दुसरे आळशी.

ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॉफ्टवेअरच्या पोटात माणसाने लिहिलेला मजकूर असतो, तो कोड. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड मात्र कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो, आणि केलेली सुधारणा मूळ प्रकल्पाला परत देता येते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी १९९१ साली सुरू झालेले लिनक्स आहे. हे सगळे परदेशातच घडते असेही नाही. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशेब ठेवणारे खुले सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे आहे. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मुंबईच्याच एक टाइपने खुल्या परवान्याखाली दिले आहेत.

आता ‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांचा आपला अनुभव आठवा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी १९२७ च्या २० मार्चपर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही, आणि आले तेव्हा परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. कोर्टातला निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १९३७ उजाडले. ओपन सोर्समध्ये कोणी लाठ्या घेऊन उभे नाही, तेव्हा तुलना फार ताणत नाही. पण खुलेपणाचा ठराव आणि खुलेपणा यांतले अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मोर्चाची बाजू घेणाऱ्यांना मी एक फॉर्म दाखवू इच्छिते. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या वस्त्यांत आम्ही एका संस्थेसाठी सर्वेक्षण करत होतो. मोबाइलवर कोबो नावाचे खुले साधन होते, प्रश्नावली संस्थेने तयार करून दिलेली. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ निवडले की पुढच्या प्रवर्गाच्या यादीतून ‘अनुसूचित जाती’ हा पर्यायच गायब व्हायचा. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ साली शिखांना मिळाला, आणि बौद्धांना तो मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्यासाठी किती मोर्चे निघाले ते मोर्चावाल्यांनीच सांगावे. आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी एका ओळीत तो दर्जा पुन्हा पुसून टाकला होता. द्वेषाने नव्हे, अज्ञानाने. पण त्या अहवालात आपली घरे ‘इतर’ म्हणून मोजली गेली असती.

आमच्यासोबत बीएस्सी कॉम्प्युटर करणारी एक मुलगी होती. तिने प्रश्नावलीची एक्सेल फाइल मागून घेतली, ‘चॉइस फिल्टर’ नावाच्या रकान्यातली अट शोधली आणि अर्ध्या तासात दुरुस्त केली. साधन उघडे होते आणि त्याचे नियम जाहीर लिहिलेले होते म्हणून हे जमले. हेच एखाद्या बंद पोर्टलवर झाले असते तर आपण कोणत्या तरी कार्यालयात अर्ज देऊन पोच घेऊन बसलो असतो. कायदा लिहिणाऱ्यांत आपला माणूस असण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. कोड हासुद्धा नियमच आहे, आणि तो रोज कोणीतरी लिहीत आहे.

आता ‘फक्त कोड बघतात’ याकडे. कोड लिहायला लॅपटॉप लागतो, इंग्रजी लागते आणि सर्वांत महाग गोष्ट लागते ती म्हणजे रिकामी संध्याकाळ. कॉलेज सुटल्यावर दुकानात उभा राहणारा पोरगा आणि स्वतःच्या खोलीत दार लावून बसणारा पोरगा यांची ‘गुणवत्ता’ एकाच काट्यावर तोलायची, हा खेळ आपण प्रवेश परीक्षांमध्ये पाहिलेला आहे. शिवाय दिलेला कोड स्वीकारणारी माणसेच असतात, आणि माणूस नाव वाचतो. गिटहबवरच्या योगदानांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रियांचा कोड, त्या स्त्रिया आहेत हे कळत नसताना पुरुषांपेक्षा जास्त स्वीकारला जात होता, आणि कळत असताना कमी. लिंगाचे असे होते, आणि आडनावाचे होणार नाही असे मानायला मी तरी तयार नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा आरोप ठेवून खटला भरला. सिस्कोने आरोप नाकारले, २०२३ साली दोन व्यवस्थापकांविरुद्धचा भाग मागेही घेतला गेला. पण सिलिकॉन व्हॅलीत जात पोचते का, हा प्रश्न त्यानंतर कोणाला हसण्यावारी नेता आला नाही.

आणि नियम बदलतात. अनेक खुले प्रकल्प ‘कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट’ नावाची आचारसंहिता वापरतात. ती २०१४ सालची. कोणत्या कारणांवरून भेदभाव चालणार नाही त्याची यादी तिच्यात आहे. २.० आवृत्तीत वंश होता, धर्म होता, जात नव्हती. २०२१ च्या २.१ आवृत्तीत ‘कास्ट’ हा शब्द आला. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक शब्द! जँगो या प्रकल्पाने २०१४ साली ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ हे शब्द काढले तेव्हा ‘शब्दांनी काय होते’ म्हणून टिंगल झाली होती. २०२० साली गिटहबने नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचे ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केले. ‘हरिजन’ शब्दाविरुद्ध भांडलेल्या समाजाला शब्दांनी काय होते ते ठाऊक आहे.

तर जायचे कसे? मी स्वतः कोड लिहिणारी नाही, समाजशास्त्राची आहे. पण आमच्या पोरांसोबत बसून ही वाट पाहिली आहे, म्हणून सांगते. प्रकल्प मोठा आणि नावाजलेला निवडू नका, स्वतः वापरता तो निवडा. ज्या चपलेने टाच सोलली तीच दुरुस्त करता येते. मराठी वाचणाऱ्याला जे दिसते ते इतरांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आणि ‘आचार्या’मधला रफार यांची एखाद्या ॲपमध्ये गल्लत होते, बटणावरची मराठी अर्धी कापली जाते, मराठी नावांची यादी वेड्यावाकड्या क्रमाने लागते. या चुका आपल्याशिवाय कोण नोंदवणार?

प्रकल्पाची ‘रीडमी’ आणि ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ या फाइली आधी पूर्ण वाचा. कंटाळवाण्या असतात, तरी वाचा. परवाना कोणता ते पाहा. मग सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालवून बघा. पहिला आठवडा बहुधा यातच जातो आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चुकांच्या यादीत नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण केलेली कामे असतात. त्यांतले एक घ्या आणि कोड लिहिण्याआधी तिथे दोन ओळी लिहा की हे मी करतेय, असे करण्याचा विचार आहे. मग प्रकल्पाची आपल्या खात्यावर प्रत घ्यायची, म्हणजे फोर्क. ती मशीनवर उतरवायची, वेगळी शाखा काढायची आणि बदल शक्य तितका छोटा ठेवायचा. एका वेळी एकच चूक. चाचण्या चालवायच्या. बदलाच्या नोंदीत, म्हणजे कमिटमध्ये, काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहायचे. मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तपासून आत घ्या’ अशी विनंती. सगळीकडे हीच रीत नसते. लिनक्सच्या गाभ्याचे बदल अजून ईमेलनेच जातात.

यानंतर तपासणी होते, आणि आपली पोरे इथेच गळतात. कोणीतरी दहा शंका काढतो, नाव बदला म्हणतो, चाचणी लिहा म्हणतो. शाळेत फळ्यासमोर अपमान झालेल्या मुलाला प्रत्येक लाल रेघ तोच जुना आवाज वाटते. पण इथे दहा वर्षे काम केलेल्यांच्या कोडवरही शंका निघतात. उत्तर द्या, दुरुस्त करा, पटत नसेल तर कारण देऊन भांडा. आठवडाभर उत्तर आले नाही तर नम्रपणे आठवण करा. कोणी खरोखर अपमान केला तर आचारसंहितेत तक्रारीचा पत्ता असतो, तो वापरा.

एक गोष्ट मात्र करू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी लोकांनी प्रकल्पांवर फालतू बदलांचा पाऊस पाडला, आणि त्यात भारतातल्यांचा वाटा मोठा होता. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पात रीडमी फाइलमध्ये स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्यांचा ढीग पडला, कारण कोणत्या तरी शिकवणीच्या व्हिडिओत तसे करून दाखवले होते. आपल्या आडनावाने कोणी असे केले तर त्याचे खापर एकट्यावर फुटत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप मला आमच्याच अभ्यासवर्गात ऐकायला मिळाला: “ताई, कंपन्या करोडो कमावणार आणि आम्ही फुकट राबायचे. ही नवी महारकीच ना?” प्रश्न खरा आहे. वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले होते. फुकट कामाला सेवा म्हणायची सवय आपल्याला परवडणारी नाही. माझे उत्तर असे. वेठ जन्माने लादलेली होती आणि तिच्यातून बाहेर पडायला मुभा नव्हती. इथे काम तुम्ही निवडता, ते तुमच्या नावाने कायम राहते, आणि जीपीएलसारखा परवाना असेल तर बदललेले सॉफ्टवेअर पुढे वाटणाऱ्या कंपनीला त्याचा कोडही खुला ठेवावा लागतो. तरीही घरात चूल पेटायची असेल तर फुकट काम मर्यादेत करा, आणि पैसे देणाऱ्या वाटा शोधा. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून आहे आणि २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही. आउटरीची तर व्यवस्थेने मागे ठेवलेल्यांसाठीच आहे आणि तीन महिन्यांचे सात हजार डॉलर देते. अर्जात आपल्याला कोणत्या भेदभावाला तोंड द्यावे लागले ते लिहावे लागते. ते लिहिताना संकोच नको. ती भीक नाही.

राहिला नावाचा प्रश्न. कमिटमध्ये नाव आणि ईमेल कायमचे कोरले जातात, मागाहून पुसणे जवळपास अशक्य. गिटहबवर ईमेल लपवण्याची सोय आहे, आणि अनेक प्रकल्पांत टोपणनावही चालते. ज्याला लपवावेसे वाटते त्याला मी भित्रा म्हणणार नाही. कंपनीत काय सोसावे लागते ते त्यालाच माहीत. आमच्या त्या बीएस्सीवाल्या मुलीने मात्र पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. तिची पहिली विनंती अजून तपासणीत आहे, दोन शंका निघाल्यात.

रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही धायरीतल्या विहारात तेच काम घेऊन बसतो. लॅपटॉप दोनच आहेत, आळीपाळीने वापरावे लागतात. ज्याच्याकडे असेल त्याने स्वतःचा आणावा, चार्जरसह.

जय भीम!