ठक मराठी बोलतो. शाळा मुकी का?

सीमाभागातील मराठी माणसाची लुबाडणूक हा काही नवा विषय नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला परराज्यात लोटण्यात आले तेव्हापासून त्याच्या हक्कांची जी लूट चालली आहे, तिच्याविरुद्ध तीन पिढ्या लढल्या. आज आम्ही लिहीत आहोत ते मात्र दुसऱ्या एका लुटीविषयी. "यात सीमाप्रश्न कोठे आला?" असे म्हणून जे वाचक पान उलटू पाहतील, त्यांनी आधी आपल्या घरात मोबाईल कोण हाताळतो एवढे पाहून यावे.

शहापूर-वडगावच्या विणकराचे घर घ्या, निपाणीच्या विडी कामगार बाईचे घ्या, नाहीतर खानापूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचे घ्या. बँकेचा संदेश येतो इंग्रजीत, सरकारी खात्याचा येतो कन्नडमध्ये, आणि आईचे शिक्षण झालेले असते मराठी चौथी. मग आजीची पेन्शन जमा झाली की नाही, गॅसचे अनुदान आले की नाही, वीजबिल भरायची मुदत कोणती, हे सारे वाचून दाखवितो कोण? सातवी-आठवीतले पोर! तेच त्या घराचे कारकून, तेच दुभाषी आणि तेच खजिनदार. ज्या वयात आमच्या पिढीच्या हाती किराण्याच्या यादीखेरीज दुसरा व्यवहार नव्हता, त्या वयात आजच्या मुलाच्या बोटाखाली साऱ्या घराची मिळकत आहे. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या परिपत्रकाने दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँक ठरवील त्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते उघडण्याची आणि चालविण्याची मुभा दिली आहे. खाते दिले, ते राखण्याचे शिक्षण कोणी द्यायचे? मोबाईलच्या पलीकडे बसलेल्या ठकाला या घराचा खजिनदार कोण हे पक्के ठाऊक आहे. शिक्षणखात्याला तेवढे ठाऊक दिसत नाही.

हा ठक चाकू दाखवीत नाही. तो भीती दाखवितो, लोभ दाखवितो आणि घाई करतो. त्याची सारी विद्या या तिहींत सामावलेली आहे. "आज रात्री नऊ वाजता वीज तोडण्यात येईल", ही भीती. खेळातले हिरे फुकट, लॅपटॉप फुकट, शिष्यवृत्ती मंजूर, घरबसल्या चित्रफितींना पसंती द्या आणि रोज पैसे कमवा, हा लोभ. आणि "पाच मिनिटांत करा, नाहीतर संधी गेली", ही घाई. कधी ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका येते. पत्रिका म्हणून जे उघडावे ते एपीके नावाचे सॉफ्टवेअर निघते आणि फोनमधले संदेश परक्याच्या हाती जातात. कधी व्हिडिओवर पोलिसी गणवेशातला इसम अवतरतो आणि म्हाताऱ्या आजोबांना सांगतो, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे, खोलीबाहेर पडायचे नाही." अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पण हे आजोबांना कोण सांगणार? शेजारी बसलेल्या नातवाला ते शाळेत शिकविलेले असते, तर त्याने तो फोन तिथल्या तिथे बंद केला असता!

सर्वांत मोठी फसगत तर सर्वांत साध्या अज्ञानापोटी होते. "तुम्हाला पाच हजारांचे बक्षीस पाठवितो, तेवढा पिन दाबा", "हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील", असे सांगितले की पोर ते करते आणि पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिनही लागत नाही आणि काही स्कॅनही करावे लागत नाही. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला हे वाक्य समजावयास किती वेळ लागेल? दोन मिनिटे! ही दोन मिनिटे दहा वर्षांच्या शालेय वेळापत्रकात कोणालाच सापडू नयेत, याला आम्ही अनास्था म्हणणार नाही. हा गुन्हा आहे.

ज्या शाळांत काही सांगितले जाते तेथेही ते घोषवाक्यापलीकडे जात नाही. वर्षातून एक दिवस पाहुणा येतो, "ओटीपी कोणाला सांगू नका" असे मुलांकडून तीनदा वदवून घेतो, फोटो निघतो, पाहुणा जातो. पोपटही एवढे शिकतो! ठकाने ओटीपी न मागता पडद्यावरचे सारे दिसेल असे एखादे अॅप घ्यावयास लावले, की त्या घोषवाक्याची किंमत शून्य. अशुद्ध भाषेवरून खोटा संदेश ओळखावा, हा जुना उपदेशही आता निकामी झाला, कारण यंत्रच ठकाला निर्दोष मराठी लिहून देऊ लागले आहे. मुलाला शिकवायचा तो संशय घेण्याचा रिवाज. दुवा आला तर पत्ता कसा वाचावा? बँकेचे किंवा सरकारचे नाव पत्त्यात कोठेतरी आहे म्हणून भागत नाही. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे लागते. सरकारी पत्ता तेथे बहुधा 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' असा शेवट ठरवून दिला आहे. कंपनीचा मदत क्रमांक गूगलवर शोधला तर तो ठकाने पेरून ठेवलेला का असू शकतो? हे खोटे संदेश फळ्यावर लिहून "यात भीती कोठे, लोभ कोठे, घाई कोठे" असे वर्गाला विचारावे. व्याकरण चालविण्याची सवय असलेल्या आमच्या मराठी शिक्षकांना हे अवघड नाही. रिझर्व्ह बँकेची 'राजू आणि चाळीस चोर' ही सचित्र पुस्तिकाही हाताशी आहे. ती वर्गात उघडली पाहिजे, एवढेच.

आणि हे सारे मुलाच्या मातृभाषेत झाले पाहिजे, हे आम्ही निक्षून सांगतो. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ सालीच ३५० अ हे कलम घटनेत घातले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. भाषिक अल्पसंख्याक जेथे पुरेशा संख्येने आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्वही तितकेच जुने आहे. पण मराठी दुकानदाराच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आहे की नाही हे पट्टी लावून मोजणाऱ्या शासनाला, त्याच दुकानदाराला चोरापासून सावध करणारे एक पत्रक मराठीत काढावयास हात आखडतो. ज्याला लुटायचे आहे तो आमच्याशी आमच्या भाषेत बोलतो आणि ज्याने रक्षण करायचे तो बोलत नाही, हा कोणता न्याय? चोराच्या भाषेचे शिक्षण कन्नड मुलालाही मिळालेच पाहिजे. आमचे भांडण त्याच्याशी नाही. पण त्याला ते त्याच्या भाषेत मिळावे आणि आमच्या मुलाला मिळू नये, हे आम्ही सहन करणार नाही.

तथापि सरकारला चार शब्द सुनावले म्हणजे आपण सुटलो असे नव्हे. आमची वाचनालये, युवक मंडळे, गणेशोत्सव मंडळे काय करीत आहेत? ध्वनिक्षेपकाच्या भाड्याला वर्गणी पुरते आणि रविवारच्या एका तासाला माणूस मिळत नाही! आणि त्याहून कटू गोष्ट आमच्या घरांची. मुलाच्या हातून पैसे गेले की पहिली पडते ती थप्पड. "तुला फोन दिला हीच चूक", असे चार माणसांत ऐकविले जाते. हे पाहिलेले दुसरे पोर पुढल्या वेळी तोंड उघडत नाही, आणि ठकाला नेमके तेच हवे असते. आपले छायाचित्र विकृत करून धमकाविणाऱ्यापुढे एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे एकटी का झुरते? घरच्यांची भीती तिला ठकापेक्षा मोठी वाटते म्हणून. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक तत्काळ फिरविला तर गेलेली रक्कम पुढल्या खात्यात अडवून धरता येण्याचा संभव असतो. जाणाऱ्या प्रत्येक तासागणिक तो संभव घटतो. म्हणजे मुलाने लपविण्यात घालविलेला वेळ हा ठकाचा नफा आहे, आणि तो नफा त्याला आपला मार मिळवून देतो. पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना एवढे सांगा: पैसे गेले तर आधी आम्हाला सांग, कोणी तुला बोलणार नाही. आणि मग खरोखरच बोलू नका.

थोरल्या मुलांबद्दल आणखी एक इशारा. "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, दोन-चार हजार देतो", असे आमिष महाविद्यालयाच्या फाटकापाशी दाखविले जाते. त्या खात्यातून जातो तो दुसऱ्या कोणाचा तरी लुटलेला पैसा, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. ठकाचा पत्ता मिळत नाही, मुलाचा मिळतो. फसलेला आणि फसविणारा यांतील रेघ येथे पुसली जाते, म्हणून दहावीच्या वर्गातून बाहेर पडण्यापूर्वी हे प्रत्येकाच्या कानी गेले पाहिजे.

मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता उद्याच्या प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटे यासाठी राखावीत, आणि पुढे दर आठवड्यास राखावीत. शासनाचे परिपत्रक यावयाचे तेव्हा येईल. ते कन्नडमध्ये येईल, आणि घरी त्याचा मराठी अर्थ सांगण्याचे काम पुन्हा त्याच आठवीतल्या पोराकडे येईल.