कोपऱ्यातला राजा

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ ची स्वारी आठवते. पण त्याआधी अर्धशतक याच बंदरातून एका इंग्रज राजाची तसबीर हिंदुस्थानात आली. तिचे पुढे जे झाले, ते मला इथल्या इतिहासातले फार मोलाचे पान वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीला वखारीसाठी बादशाही मर्जी हवी होती. सुरतेला आलेल्या विल्यम एडवर्ड्सने पहिला जेम्स आणि राणी ॲन यांची चित्रे १६१५ मध्ये अजमेरला जहांगीरपुढे ठेवली. त्याच वर्षी वकील म्हणून टॉमस रो सुरतेला उतरला. त्याच्याकडच्या एका लहान चित्राच्या दरबारी चिताऱ्याने इतक्या हुबेहूब नकला केल्या, की मेणबत्तीच्या उजेडात अस्सल चित्र निवडताना रोला चांगलेच निरखावे लागले. हे त्यानेच रोजनिशीत नोंदवले आहे.

खरी कमाल केली ती जहांगीरचा दरबारी चित्रकार बिचित्रने. जेम्सचा चेहरा त्याने जॉन डी क्रिट्झच्या धाटणीच्या तसबिरीवरून उचलला आणि स्वतःच्या लघुचित्रात बसवला. वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर जहांगीर बसला आहे, मस्तकामागे सूर्य-चंद्राचे तेजोवलय. तो ग्रंथ देतो आहे अजमेरच्या सूफी शेख हुसेनला. शेखच्या खाली उस्मानी सुलतान, त्याच्या खाली जेम्स आणि अगदी तळाशी खुद्द बिचित्र. जेम्सच्या टोपीवरचे अलंकार, पांढरी कॉलर, गालांवरची छाया सगळे विलायती वळणाचे. बादशहा मात्र त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

युरोपच्या सहवासाने आपली चित्रकला सुधारली, असे आजही सर्रास लिहिले जाते. मला ते मुळीच पटत नाही. बिचित्रने छायाप्रकाश घेतला, पण कोणाला कुठे उभे करायचे हे दरबाराच्या रिवाजाप्रमाणे ठरले. भेट देणाऱ्याने राजाचा रुबाब पाठवला; घेणाऱ्याने त्याला अर्जदारांच्या रांगेत उभे केले. त्या काळी इंग्रजांची पत खरोखरच तेवढी होती. मनाजोगा तह पदरात न पडताच रो १६१९ मध्ये सुरतेहून परतला.

मूळ लघुचित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. सुरतेच्या तापीकाठच्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. तिथे या चित्राची मोठी, उत्तम छापील प्रत लावावी आणि खाली एडवर्ड्स, रो व बिचित्र यांची हकीकत गुजराती, हिंदी, मराठीत लिहावी. सुरतेत मराठी वस्ती मोठी आहे. मुलांना घेऊन येणारे पालक ती नक्की वाचतील.

— चित्रवाचक